साहेबाला सांगितलेली नदी

गोऱ्या साहेबांच्या पत्रांविषयी माझे मत चांगले नाही. नोकरीचा बहुतेक काळ मी सरकारी दफ्तरखान्यात काढला. जुन्या पत्रव्यवहाराची बासने सांभाळणे, कोणी संशोधक मागणी घेऊन आला की बासन सोडून त्याच्यापुढे ठेवणे आणि तो गेला की पुन्हा बांधणे, हे माझे काम. वाचणे हे माझे काम नव्हते. पण कागद जागेवर लावायचा तर तो वाचावा लागतो.

त्या पत्रांची घडण मला पाठ झाली होती. आधी प्रकृती. मग उकाडा. मग नोकरांच्या चोऱ्या. मग इथल्या लोकांचा खोटेपणा. हे सगळे ओकून झाले की विद्वत्तेची बाब: अमुक जातीचे लोक प्रेत पुरतात की जाळतात, तमुक देवळातल्या शिलालेखाचा ठसा मिळेल काय. विचारणारा विलायतेत बसलेला पंडित, आशिया खंडाचा जाणकार म्हणून नावाजलेला. सांगणारा इथला अधिकारी. ज्यांच्याविषयी विचारले आणि सांगितले जाई ते लोक पत्रात असत, पण बैल आणि झाडे असतात तसे. संशोधक ती पत्रे वाचताना मान डोलावत. मी बासनाच्या गाठी जरा आवळूनच बांधत असे.

निवृत्त झालो तेव्हा या मंडळींशी संबंध संपला, असे धरून चाललो होतो.

मैसूरच्या बोगादी भागात आमच्या शेजारी पुण्याकडचे एक गृहस्थ राहतात. संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. माझ्या बोलण्यात कन्नड शब्द आला की ते हसून त्याला मराठी पर्याय सुचवतात. मी विचारलेला नसतो. आमच्या घराण्याला या गावात किती पिढ्या झाल्या ते आम्हालाही सांगता येत नाही, आणि हे गृहस्थ काल आलेले. तरी भाषा त्यांची आणि उसनी आमची, असा त्यांचा समज आहे. मी तो दुरुस्त केलेला नाही. वेळ वाया घालवण्याची सवय मला नाही.

एका रविवारी ते फोन हातात घेऊन आले. परदेशातल्या एका ग्रंथालयाने आपल्या संग्रहातली पत्रे आता सर्वांना पाहण्यासाठी खुली केली आहेत, त्यांत मैसूरच्या रंगाऱ्यांवर एक मोठे पत्र सापडले, असे त्यांनी सांगितले.

"काका, हे तुमच्याच लोकांवर दिसतंय. तुम्ही लोक रंगारीच ना मूळचे?"

मी चष्मा घेतला. अक्षर ओळखीचे नव्हते, पण जात ओळखीची होती. उकाडा होता, आचारी चोर होता, पाय सुजले होते. मग साहेब आमच्या गल्लीत आला होता. तंबूच्या अस्तराला निळे कापड हवे होते. तिथे रंगारी एका जमिनीत पुरलेल्या माठाभोवती हातावर हात ठेवून बसले होते, माठाला असह्य घाण येत होती, आणि त्यांनी काम घ्यायला साफ नकार दिला. त्यावर साहेबाने आमच्या आळसाविषयी, दुर्गंधीविषयी आणि खोटेपणाविषयी पानभर लिहिले होते. पुढे मात्र सूर बदलला होता. साहेब परत फिरताना त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा माणूस उठून पुढे आला, त्याने साहेबाला बसायला चौरंग दिला आणि आपणहून एक हकीकत सांगितली.

ती अशी. टी. नरसीपूरला कावेरी आणि कपिला मिळतात तिथे पाण्याखालच्या खडकात रंगाऱ्यांच्या पूर्वजांनी खोदलेला निळीचा माठ आहे. राजांची निशाणे त्यात रंगत. उन्हाळ्यात पाणी उतरले की माठावरची शिळा सरकते आणि नदी काही अंतर निळी वाहते. कोळ्यांची जाळी निळी निघतात. साहेबाने लिहिले होते की या लोकांच्या शब्दावर आपण एरवी विश्वास ठेवत नाही. पण म्हाताऱ्याने हे इतक्या बारकाव्याने सांगितले, की ते खरे असलेच पाहिजे.

खाली पंडिताचे उत्तरही होते. त्याला फार आनंद झाला होता. तो कधी या देशात आलेला नव्हता. त्याने संगम न पाहता ठरवून टाकले होते, की हे रंगारी म्हणजे या प्रांतातल्या राजांच्याही आधीचे रहिवासी.

मी फोन परत दिला. शेजाऱ्यांना मी काहीतरी बोलावे असे वाटत होते. मी त्यांना चहा घेणार का, असे विचारले.

त्यांनी ते पत्र कोणामार्फत तरी आमच्या समाजाच्या फोनवरच्या गटात पोचवले. आठवडा उलटायच्या आत समाजाचे अध्यक्ष माझ्या दारात उभे. अध्यक्ष म्हणण्याची मला सवय नाही. त्याचा बाप आणि मी एका शाळेत होतो. आता त्याचा फरशीचा व्यापार आहे आणि समाजाच्या नव्या सभागृहाचे बांधकाम त्याने अंगावर घेतले आहे.

त्याला माठ हवा होता. माझ्या वडिलांचा.

आमच्या लोकांत निळीचे काम बंद पडून जमाना झाला. कोणी शिवणकामात गेले, कोणी बँकेत, कोणी फरशीत. जुने घर विकले तेव्हा मी परसातला माठ खणून काढला आणि बैलगाडी मिळेना म्हणून टेम्पोतून गवताच्या पेंढ्यांत बसवून बोगादीला आणला. सुनेने त्यात कुंडीसारखे काही लावायचा विचार बोलून दाखवला होता. एकदाच. समाजात दुसऱ्या कोणाकडे माठ राहिलेला नाही.

"दारातच चौथरा करतो, काका," तो म्हणाला. "त्यावर माठ. मागं काळा दगड, दगडावर साहेबाचं वाक्य. कन्नड, इंग्रजी, मराठी, तिन्हीत."

"कुठलं वाक्य?"

"नदीचं. आणि त्या पंडिताचं, राजांच्या आधीचे म्हणून."

त्याच पत्रात आमच्या अंगाला घाण येते असेही वाक्य आहे, ते कोणत्या बाजूला कोरणार, असे मी विचारले.

"ते बिडी, काका. ते कोण वाचतंय," सोडून द्या, या अर्थाने हात झटकत तो म्हणाला. मग खुर्ची पुढे ओढून बसला आणि आवाज खाली आला. त्याची मुलगी कॉलेजात आहे. कसल्याशा भांडणात वर्गातल्या मुलीने तिला विचारले होते, तुम्ही लोक परत कधी जाणार. पोरगी घरी येऊन बापाला विचारत होती, परत म्हणजे कुठे. महाराष्ट्रात ती एकदाच गेली होती, लग्नाला. तिथे सगळ्यांनी तिला कानडी म्हणून बोलावले.

"मी तिला काय दाखवू, काका? आपल्याकडं काय आहे दाखवायला? आता सापडलंय तर सापडलंय."

मी विचार करून सांगतो म्हणालो. तो गेला तेव्हा माठाकडे नजर टाकून, बुंध्याचा घेर अदमासून गेला.

मला विचार करायचा नव्हता. मला पत्रातली एक जागा टोचत होती: रंगारी माठाभोवती हातावर हात ठेवून बसले होते, आणि माठाला घाण येत होती.

निळीचा माठ जिवंत असतो. त्यात चुना पडतो, शिजवलेले टाकळ्याचे बी पडते, आणि पाणी आंबत राहते. माठ बरा असला की वर तांब्याच्या रंगाची साय धरते. कापड बुडवून काढले की आधी पिवळट हिरवे दिसते आणि वारा लागता लागता निळे होते. पण माठ बिघडतो. साय फुटते, पाणी काळवंडते, घाण सुटते, आणि मग बुडवलेले कापड मळक्या पोतेऱ्यासारखे बाहेर येते. तेव्हा आमच्याकडे काम थांबवीत. हातावर हात ठेवून बसत. आणि घरातला कर्ता माणूस उठून बाहेर जाई आणि खोटे सांगून येई.

हे औषध होते. आजच्या कोणाला सांगितले तर तो हसतो, म्हणून मी सांगत नाही. खोटे मोठे हवे, पण त्याने कोणाचे नुकसान होता कामा नये. ते आपल्या माणसाला सांगायचे नाही, परक्याला सांगायचे, आणि शक्यतो स्वतःला फार शहाणा समजणाऱ्या परक्याला. कारण तो ते लांब नेतो. मग घरी येऊन बसायचे. ते खोटे दुसऱ्या कोणाच्या तोंडून फिरून घरी आले, की माठ उठला. घरात आल्यावर त्याला हटकायचे नाही, हसायचे नाही. हटकले की माठ मेला.

वडील कमी बोलत. त्यांना खोटे सांगताना मी एकदाच ऐकले. माठ बिघडला होता आणि बाजारात बन्नूरची बस सुटायच्या बेतात उभी होती. वडील वाहकापाशी गेले आणि अगदी सहज, जसे काही भाडे विचारावे तसे म्हणाले, की तुमच्या बन्नूरला एका मळ्यात ऊस तोडला तर आतून दूध निघाले म्हणे. खरे आहे का? वाहकाने भुवया चढवल्या. वडिलांनी आणखी एक शब्द न बोलता पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कापडाचे एक गिऱ्हाईक दारात येऊन आईला सांगू लागले. मळा कोणाचा, दूध किती, पहिला घोट कोणी घेतला, सगळे. आई दळण पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले, पदर सावरला आणि एवढेच म्हणाली, "असं का?" मग त्याला तांब्याभर पाणी दिले. वडील आतून ऐकत होते. ते उठले, परसात गेले आणि माठावरचे झाकण काढून पाहिले. साय धरली होती. त्यांनी दरम्यान माठात चुना आणि नवे बी घातले होते, हेही मी पाहिले होते. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत.

साहेबाच्या पत्रातला म्हातारा कोण होता मला माहीत नाही. आमच्या घरचा असेल, नसेल. पण तो काय करत होता ते मला स्वच्छ दिसले. माठ बिघडलेला. कर्ता माणूस उठलेला. समोर आयता आलेला एक परका, आजवर कोणी पाहिला नसेल इतका स्वतःला शहाणा समजणारा. मी आयुष्यभर असली पत्रे बांधली; तसल्या एका पत्राने मला समाधान दिले ते हेच. आम्हाला खोटारडे म्हणणाऱ्या माणसाने पानभर शिव्या लिहिल्या आणि पान उलटून तेवढे एक खोटे मात्र खरे मानून सातासमुद्रापार पाठवले.

सभा समाजाच्या जुन्या खोलीत भरली. पत्र शोधून काढल्याबद्दल शेजारी गृहस्थांनाही बोलावले होते. त्यांना पुढची खुर्ची होती. मी उभा राहिलो आणि वर सांगितले ते सगळे सांगितले. माठासाठी खोटे सांगण्याची चाल निम्म्या लोकांनी ऐकलेली नव्हती. दोघातिघा म्हाताऱ्यांनी ऐकली होती; ते जमिनीकडे पाहत बसले. नदी निळी वाहत नाही, खडकात माठ नाही, ते माठ उठवायला सांगितलेले खोटे आहे, असे मी शेवटी म्हणालो. दगडावर काही कोरायचेच तर आपली गल्ली, आपली विहीर, आपले काम कोरा, साहेब नको.

खजिनदार म्हणाला, काकांनी आपल्या वाडवडिलांना थापाडे ठरवले. थोडे हसू झाले. शेजारी मात्र खुर्चीतून अर्धे उठले होते. हे तर फारच भन्नाट आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. यावर लेख व्हायला हवा, त्या ग्रंथालयाला कळवायला हवे, मी बोलावे आणि ते चित्रित करतील.

"कळवू नका," मी म्हणालो.

"का पण, काका? खरं काय ते जगाला कळायला नको?"

"माठ तुमचा नाही."

ते बसले. त्यांनी अजून माझ्याशी पूर्वीसारखे बोलणे सुरू केलेले नाही. ही गोष्ट मला सोयीची आहे.

मग अध्यक्षाने खुर्ची मागे सारली. तो उठला तेव्हा मला वाटले, ओरडेल. ओरडला नाही.

"काका म्हणतात ते खोटं असेल," तो म्हणाला. "असू दे. पण ते त्यांच्या कागदात आहे. आपलं खरं कोणाच्या कागदात आहे, काका? तुम्ही आयुष्य त्या दफ्तरात काढलं. सांगा ना. एक तरी कागद दाखवा, आपण इथले म्हणून."

दफ्तरखान्यात आमच्याविषयी जे होते ते मला माहीत होते. कर चुकवल्याच्या तक्रारी, नाल्यात रंग सोडल्याच्या नोटिसा, आणि साहेबांच्या शिव्या. दाखवण्यासारखे त्यात नव्हते. मी म्हणालो, कागद नाही.

"मग?"

"मग नाही. पण माठ मिळणार नाही."

का, असे चौघांनी एकदम विचारले. मी सांगितले, की माझ्या वडिलांनी त्या माठासाठी आयुष्यात खोटे सांगितले; माठाला खोटे सांगायला लावणार नाही. हे वाक्य मी आधी ठरवून गेलो नव्हतो. सभेला ते आवडले नाही. अध्यक्षाने दोन्ही हात जोडले आणि जागा मोकळी करून दिली, म्हणजे मी आता जावे.

दगड बसला. नरसीपूरच्या रस्त्यावरच्या कुंभाराकडून मोठा माठ आणून त्याला बाहेरून निळा तैलरंग दिला आणि चौथऱ्यावर ठेवला. उद्घाटनाचे बोलावणे मला आले नाही. मुलगा आणि सून गेले. जेवण चांगले होते, सून म्हणाली. अध्यक्षाच्या मुलीने भाषण केले, तिन्ही भाषांत. मराठीत थोडी अडखळली, कन्नडमध्ये नाही. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. सून हे मला चिडवायला सांगत होती की सांगायचे म्हणून, ते मी विचारले नाही.

यंदा वडिलांच्या तिथीला मी नेहमीप्रमाणे नरसीपूरला गेलो. संगमावर पिंड सोडले. पाणी गढूळ होते, मातकट, दरवर्षी असते तसे. दोन नद्यांच्या पाण्याचा रंग किंचित वेगळा असतो, तेवढाच. मी गुडघाभर पाण्यात बराच वेळ उभा राहिलो. भटजी घाई करत होते.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक माणूस येऊन बसला. नीट इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेने, मांडीवर कागदांची पिशवी. कुठल्या तरी कचेरीतला असावा. माझे ओले धोतर पाहून संगमावर गेला होता का, असे त्याने कन्नडमध्ये विचारले. हो म्हटल्यावर त्याने सांगायला सुरुवात केली. तिथे पाण्याखाली दगडी माठ आहे, तुम्हाला ठाऊक नसेल. रंगारी लोकांचा. राजांच्याही आधीचा. उन्हाळ्यात नदी निळी होते. आमच्या आजोबांनी पाहिली आहे. इंग्रजांनी लिहून ठेवले आहे, मैसूरमध्ये दगडावर कोरले आहे, जाऊन बघा. कोळ्यांच्या जाळ्यांपर्यंत त्याने काही सोडले नाही. शिवाय एक नवी भर होती: त्या दिवसांत संगमावर न्हालेल्या बाईच्या लुगड्याचा रंग जन्मात उतरत नाही.

मी नुकताच त्या पाण्यातून बाहेर आलो होतो. जिभेवर पुष्कळ आले. ज्या माणसाने सभेत उभे राहून हेच खोटे म्हणून सांगितले, सगळ्यांचे वैर घेतले, त्याने इथे गप्प बसण्याचे कारण नव्हते. त्या माणसाच्या तोंडावर इतका आत्मविश्वास होता, की त्याला गप्प करण्यात मला सुख वाटले असते.

"हौदा?" मी कन्नडमध्येच म्हणालो. असं का?

तो खूश झाला. वरुणा गाव येईपर्यंत बोलत राहिला. मी हटकले नाही.

घरी आलो. सुनेने पाणी आणून दिले, ते तसेच ओट्यावर ठेवले आणि धोतर न बदलता मागच्या अंगणात गेलो. माठाच्या झाकणावर कुंडीतल्या झाडाची पाने पडली होती. ती झाडली. झाकण काढले आणि वाकून पाहिले.

आत कोरडे होते. तळाशी निळा डाग आहे, तो पूर्वीपासूनचाच. झाकण परत ठेवले.